डॉल्फिनच्या तलावात उतरण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

दिवाळीची सुट्टी जवळ आली की परदेशी सहलींविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील बरीचशी पत्रे सागरी उद्यानांत डॉल्फिनसोबत पोहण्याच्या कार्यक्रमाविषयी आहेत. गोव्याच्या किनाऱ्यावरील डॉल्फिन-सफरींविषयीही दोन पत्रे आली असून प्रश्नाचे मूळ एकच असल्यामुळे ती इथेच घेतली आहेत.

प्रश्न : दिवाळीत आम्ही दुबईला माझ्या दिरांकडे जाणार आहोत. तिथल्या एका उद्यानात डॉल्फिनसोबत पोहायचे, असा हट्ट माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने धरला आहे. जाऊबाईंची मुले जाऊन आली आहेत आणि त्यांचे फोटो पाहिल्यापासून तिला दुसरे काही सुचत नाही. तिथे नेमके काय करायला मिळते, मुलांसाठी ते सुरक्षित असते का आणि आम्ही जावे का, हे स्पष्टपणे सांगावे.
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : अशा कार्यक्रमांचा साचा जगभर जवळजवळ सारखाच असतो. आधी एका खोलीत सूचना दिल्या जातात आणि अंगठ्या, बांगड्या, कानातले, घड्याळ असे सगळे काढून ठेवायला सांगतात, कारण डॉल्फिनच्या त्वचेवर धातूच्या कडेने सहज ओरखडा उठतो. मग जीवरक्षक जाकीट घालून आठ-दहा जणांचा गट तलावाच्या उथळ भागात उभा केला जातो. प्रशिक्षकाने हाताने खूण केली की डॉल्फिन एकेकासमोर येतो, अंगाला हात लावू देतो, गालाला तोंड टेकवतो, पाण्याबाहेर पर काढून हलवतो. तिकीट महाग असेल, तर खोल पाण्यात त्याच्या पाठीवरचा पर धरून काही अंतर ओढून नेले जाण्याची संधीही मिळते. प्रत्येक कृतीनंतर शिट्टी वाजते आणि बादलीतला एक मासा त्याच्या तोंडात पडतो. फोटो बहुतेक ठिकाणी उद्यानाचीच माणसे काढतात आणि ते वेगळे पैसे मोजून विकत घ्यावे लागतात. पाण्यात घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष स्पर्शाची म्हणून जी मिनिटे एकेकाच्या वाट्याला येतात, ती थोडीच असतात. तरीही जाऊन आलेली माणसे त्या मिनिटांविषयी भरभरून बोलतात, आणि ते समजण्यासारखे आहे : ताज्या वांग्याच्या सालीसारखी गुळगुळीत, उबदार त्वचा हाताखाली येणे आणि इतका मोठा प्राणी इतक्या हलकेपणाने शेजारी येऊन थांबणे, हा अनुभव कोणालाही भारावून टाकणारा आहे.

आता सुरक्षिततेविषयी. या उद्यानांत बहुधा ठेवला जाणारा बॉटलनोज जातीचा डॉल्फिन अडीच-तीन मीटर लांबीचा आणि दोनशे किलोंहून अधिक वजनाचा असू शकतो. तो शिकवलेला असतो, पण गाय किंवा कुत्र्याप्रमाणे हजारो वर्षे माणसाच्या सहवासात घडलेला पाळीव प्राणी तो नव्हे. चावा, शेपटीचा फटका, तोंडाची धडक असे प्रकार या कार्यक्रमांत घडलेले आहेत, आणि म्हणूनच पाहुण्यांकडून जबाबदारीच्या कागदावर आधी सही घेतली जाते व गरोदर स्त्रियांना अनेक ठिकाणी प्रवेश नाकारला जातो. १९९०च्या दशकात अमेरिकेतील अशा कार्यक्रमांचे पद्धतशीर निरीक्षण झाले, तेव्हा ज्या सत्रांत प्रशिक्षकाचे थेट नियंत्रण नव्हते, त्यांत धोकादायक वागणूक अधिक आढळली. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने तर पाण्यात उतरूच नये, कारण श्वसनाचे काही आजार माणसाकडून डॉल्फिनकडे आणि डॉल्फिनकडून माणसाकडे जाऊ शकतात. दक्षता घेणाऱ्या उद्यानात गंभीर इजा क्वचितच होते. मुलीच्या सुरक्षिततेपुरताच प्रश्न असता, तर मी तुम्हाला अडवले नसते.

मी अडवतो आहे ते त्या प्राण्यासाठी. मोकळ्या समुद्रातील डॉल्फिन दिवसाकाठी अनेक किलोमीटर फिरतो, खोल सूर मारतो आणि स्वतः सोडलेल्या आवाजाचे प्रतिध्वनी ऐकून आपल्या भोवतालचे जग समजून घेतो. अमेरिकेसारख्या देशाच्या नियमांतसुद्धा दोन बॉटलनोज डॉल्फिनसाठी तलावाची किमान रुंदी सुमारे ७.३ मीटर आणि किमान खोली सुमारे १.८ मीटर एवढीच मागितली आहे. अनेक उद्यानांतील तलाव याहून पुष्कळ मोठे असतात हे मान्य केले, तरी समुद्राची बरोबरी कोणताच तलाव करू शकत नाही. या डॉल्फिनांना दिला जाणारा मासा गोठवलेला असतो. गोठवल्याने त्यातले पाणी आणि ब-१ जीवनसत्त्व घटते, म्हणून ते वरून द्यावे लागते; समुद्रातल्या डॉल्फिनला पाणी माशांतूनच मिळत असते.

शिवाय हे प्राणी कुठून आले, हा प्रश्न आहेच. दुबईतील एका आलिशान हॉटेलसाठी २००७ मध्ये सॉलोमन बेटांच्या समुद्रात पकडलेले २८ डॉल्फिन विमानाने आणले गेले होते. जपानमधील ताइजी येथे दरवर्षी सप्टेंबरपासून डॉल्फिनांचे कळप आवाजाने हाकत खाडीत कोंडले जातात. त्यांतले काही जिवंत विकले जातात आणि बाकीच्यांपैकी अनेक मारले जातात. ‘आमचे डॉल्फिन इथेच जन्मले आहेत’ असे काही उद्याने सांगतात आणि ते खरेही असू शकते. परंतु तलावात जन्मलेल्या पिलाचे शरीर, कान आणि गरजा समुद्रातल्या पिलासारख्याच असतात.

मुलीला नुसते ‘नको’ म्हणू नका. अकरा वर्षांच्या मुलीला हे सारे कळते, आणि अनेकदा मोठ्यांपेक्षा लवकर कळते. वर लिहिले आहे ते तिला वाचून दाखवा आणि निर्णयात तिलाही सामील करून घ्या. सहलीहून परतल्यावर एखाद्या रविवारी सकाळी तिला सिकेरीच्या किंवा पाळोळेच्या समुद्रात न्या. तिथे काय पाहावे आणि कसे पाहावे, हे याच सदरात पुढे दिले आहे.

प्रश्न : भारतात डॉल्फिनचे असे एकही उद्यान का नाही?
(एक विद्यार्थी, कुडाळ)

उत्तर : कारण आपल्या देशाने तसे ठरवले आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून, मनोरंजनासाठी किंवा प्रदर्शनासाठी डॉल्फिन पकडण्यास, आयात करण्यास आणि त्यांची उद्याने उभारण्यास मनाई केली. त्यामागे एक कटू अनुभव होता : १९९८ मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मरण पावले होते. हे प्राणी अत्यंत बुद्धिमान आणि संवेदनशील असून त्यांना करमणुकीसाठी कोंडून ठेवणे नैतिकदृष्ट्या योग्य नाही, असे त्या परिपत्रकात स्पष्ट नमूद केले आहे. सरकारी कागदात अशी भाषा क्वचितच वाचायला मिळते, म्हणून तुम्ही ते परिपत्रक मुळातून वाचावे, असे मला वाटते. पुढे कॅनडाने २०१९ मध्ये आणि फ्रान्सने २०२१ मध्ये या दिशेने कायदे केले. ब्रिटनमध्ये तर १९९३ नंतर असे एकही उद्यान उरलेले नाही.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मी आणि माझे यजमान परदेशातील एका सागरी उद्यानात डॉल्फिनसोबत पोहलो. तो डॉल्फिन आपण होऊन माझ्याजवळ आला, माझ्या डोळ्यांत पाहत राहिला आणि सारा वेळ हसत होता. तो प्रसंग मला विसरता येत नाही. आता माझा भाचा म्हणतो की तो प्राणी दुःखी होता आणि आम्ही त्याच्या दुःखावर पैसे खर्च केले. मला हे पटत नाही. प्राणी आनंदात नसता, तर तो असा वागला असता का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : तुमचा आनंद खरा होता आणि तो कोणी हिरावून घेण्याचे कारण नाही. परंतु त्या आनंदावरून डॉल्फिनच्या मनःस्थितीविषयी जे निष्कर्ष तुम्ही काढले आहेत, ते एकेक करून तपासले पाहिजेत.

ते ‘हसू’ म्हणजे त्याच्या जबड्याची ठेवण आहे. डॉल्फिनच्या चेहऱ्यावर माणसासारखे भाव उमटवणारी स्नायूंची रचना नसते. तो आजारी असो, भ्यालेला असो वा किनाऱ्यावर मरून पडलेला असो, तोंडाची ती रेषा तशीच वर वळलेली दिसते. या प्राण्याच्या बाबतीत माणसाची सर्वांत मोठी फसगत या एका रेषेने केली आहे. आपण होऊन जवळ येण्याविषयी सांगायचे, तर पाहुण्यासमोर येऊन स्थिर थांबणे ही प्रशिक्षणातली अगदी सुरुवातीची कृती असते, आणि तुम्हाला न दिसणारी खूण तुमच्या पाठीमागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने केलेली असू शकते. तरीही त्याची सारी नजर खोटी होती, असे मी म्हणणार नाही. डॉल्फिन जात्याच जिज्ञासू असतात. मोकळ्या समुद्रातही ते कधी कधी माणसाजवळ स्वतःहून येतात आणि डोके तिरके करून निरखून पाहतात. त्या क्षणी तो दुःखीच होता, असे तुमच्या भाच्यालाही ठामपणे म्हणता येणार नाही.

परंतु तुमचे सत्र संपल्यावर पुढचा गट आला असेल, त्यानंतर आणखी एक, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बंदिवासाचा विचार त्या अर्ध्या तासापुरता करून चालत नाही, दिवसाच्या उरलेल्या वेळाचाही करावा लागतो. एकाच वर्तुळात तासन्‌तास त्याच दिशेने फिरत राहणे, पाण्याच्या पृष्ठभागावर बराच वेळ निश्चल तरंगणे, खाल्लेला मासा पुन्हा पुन्हा उलटून काढणे, भिंत किंवा दरवाजा चावून दात झिजवणे, ही कोंडून ठेवलेल्या डॉल्फिनांत दिसणारी लक्षणे आहेत. कळपात भांडण झाले, तर समुद्रातला दुबळा डॉल्फिन दूर निघून जातो. तलावात त्याला जायला जागा नसते आणि त्याच्या अंगावर इतरांच्या दातांचे समांतर ओरखडे राहतात. जिथे पाहुण्यांना मज्जाव असलेला, डॉल्फिनला हवे तेव्हा निघून जाता येईल असा राखीव भाग नाही, तिथे ‘तो आपण होऊन आला’ या म्हणण्याला फारसा अर्थ राहत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते. प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची स्वतःची अशी एक शीळ असते. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की समुद्रातल्या डॉल्फिनला त्याच्या स्वतःच्या शिळेची नक्कल ऐकवली, तर तो तिला प्रतिसाद देतो. म्हणजे त्यांच्यात एकमेकांना जणू नावाने हाक मारण्याची सोय आहे. आई आणि पिलू काही वर्षे एकत्र राहतात, सोबत्यांमधील नाती तर दशकानुदशके टिकतात. उद्यानांच्या व्यवहारांत हे प्राणी एका तलावातून दुसऱ्या तलावात, एका देशातून दुसऱ्या देशात हलवले जातात, तेव्हा ती नाती तुटतात. तुमच्या भाच्याला बहुधा हेच म्हणायचे असावे; तरुणपणी माणूस ते जरा कठोर शब्दांत म्हणतो, इतकेच.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. परदेशात डॉल्फिनसोबत दोन आठवड्यांचे उपचार घेतल्यास मुले बोलू लागतात, असे एका एजंटाने सांगितले आहे. खर्च काही लाखांचा आहे आणि त्यासाठी दागिने मोडायचीही आमची तयारी आहे. या उपचारांचा उपयोग होतो का?
(एक आई, डिचोली)

उत्तर : ताई, दागिने मोडू नका. हे उत्तर मी पूर्ण विचारांती देत आहे.

डॉल्फिनच्या सहवासातून उपचार ही कल्पना अमेरिकेत १९७०च्या दशकात पुढे आली. ती पुढे आणणाऱ्यांत ज्यांचे नाव प्रथम घेतले जाते, त्या बेट्सी स्मिथ यांनीच १९९०च्या दशकात हा मार्ग सोडून दिला आणि त्याविरुद्ध भूमिका घेतली. लोरी मरिनो आणि स्कॉट लिलियनफेल्ड या अभ्यासकांनी १९९८ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये या उपचारांच्या बाजूने मांडलेले अभ्यास तपासले. त्या अभ्यासांच्या पद्धतीत मोठे दोष असून कायमस्वरूपी सुधारणेचा पुरावा त्यांतून मिळत नाही, असे त्यांना आढळले. मुलांमध्ये काही दिवस उत्साह दिसतो, हे खरे आहे. परंतु नवी जागा, पाणी, खेळ आणि आईवडिलांचा पूर्ण वेळ मिळाला, तर तो उत्साह डॉल्फिनवाचूनही दिसू शकतो. या दोहोंतला फरक दाखवणारी तुलना त्या अभ्यासांत नीट केलेलीच नव्हती. जाहिरातीत जे पालक बोलताना दिसतात, ते खोटे बोलत नसतात. एवढा खर्च आणि एवढी आशा यांनंतर दिसलेला प्रत्येक लहान बदल त्यांना उपचाराचाच गुण वाटतो, आणि एजंट त्याच आशेवर बोट ठेवतो.

तुमच्या मुलाला उपयोग होईल तो वाचा-उपचारांचा, व्यवसायोपचारांचा (रोजची कामे स्वतः करायला शिकवणाऱ्या उपचारांचा) आणि घरात रोज होणाऱ्या धीराच्या सरावाचा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोग विभागात त्याची नीट तपासणी करून घ्या आणि पुढची दिशा तिथल्या डॉक्टरांकडून समजून घ्या. त्याला पाणी आवडत असेल, तर ही फार चांगली गोष्ट आहे; अशा मुलांना समजून घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे त्याला पोहायला शिकवा. स्वमग्न मुलांमध्ये बुडण्याचा धोका इतर मुलांपेक्षा अधिक असतो, आणि गोव्यासारख्या नद्या-तळ्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या मुलासाठी पोहणे शिकण्याची गरज त्यामुळे आणखी वाढते. दागिन्यांच्या पैशांतून हे उपचार काही वर्षे चालू ठेवता येतील.

प्रश्न : मी सिकेरीहून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला बोट नेतो. ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ असे सगळेच बोटवाले सांगतात, म्हणून मलाही सांगावे लागते. परदेशातली उद्याने पाहून आलेली गिऱ्हाइके ‘अगदी जवळ न्या’ म्हणतात आणि काही जण ‘आम्हाला त्यांच्यात उडी मारू द्या’ म्हणून मागे लागतात. नाही म्हटले की ते शेजारच्या बोटीत बसतात. आम्ही पोट कसे भरावे?
(एक बोटमालक, कांदोळी)

उत्तर : तुमचे पत्र या सर्व पत्रांत मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटले, कारण गोव्याच्या डॉल्फिनांचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी तुमच्या सुकाणूवर अवलंबून आहे.

आपल्या किनाऱ्यावर दिसतो तो मुख्यतः हम्पबॅक डॉल्फिन, म्हणजे पाठीवर उंचवटा आणि त्यावर लहान पर असलेला. उद्यानांतल्या बॉटलनोजपेक्षा तो वेगळा आहे. तो स्वभावाने बुजरा असून बोटीच्या पुढच्या टोकासमोर खेळायला सहसा येत नाही. तो उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत आणि नद्यांच्या मुखांजवळ राहतो, कारण त्याचे मासे तिथे असतात. मांडवी आणि जुवारीच्या मुखांशी तो दिसतो, याचे कारण हेच. मासेमारीची जाळी, जहाजांची ये-जा, सांडपाणी आणि पर्यटकांच्या बोटी हे सगळे त्याच अरुंद पट्ट्यात एकवटलेले असल्याने आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. पाच-सहा बोटींनी इंजिने गर्जवत वेढा घातला, की तो शिकार सोडून खाली जातो. दिवसभर असेच चालले, तर त्याचे पोट भरत नाही आणि पिलाला पाजायला आईला निवांतपणा मिळत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे आणि तो गिऱ्हाइकाला दाखवण्याजोगा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार डॉल्फिन सर्वाधिक संरक्षण असलेल्या पहिल्या अनुसूचीत येतो आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात प्राण्याला पिटाळणे व आमिष दाखवणेही येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीतील अशा गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची आणि किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. उडी मारू इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगा की हवाईमध्ये २०२१ पासून स्पिनर जातीच्या डॉल्फिनांच्या सुमारे ४५ मीटरांच्या आत पोहत जाण्यास मनाई आहे आणि न्यूझीलंडने बे ऑफ आयलंड्समध्ये २०१९ मध्ये डॉल्फिनसोबत पोहणे बंद केले. त्यातून आपल्या नदीमुखांचे पाणी गढूळ. उडी मारणाऱ्याला डॉल्फिन दिसायचा नाही आणि पाण्याची ओढ व इंजिनाचे पंखे यांचा धोका मात्र खराखुरा आहे.

बोट चालवण्याची रीत तुम्हाला मी शिकवावी असे नाही, तरी तुमच्या बैठकीत मांडता यावी म्हणून लिहितो. डॉल्फिन लांबून दिसताच वेग कमी करा, त्यांच्या वाटेत आडवे न जाता समांतर राहा आणि पन्नास मीटरांपेक्षा जवळ जाऊ नका. तिथे इंजिन न्यूट्रलवर टाकून थांबा. आई आणि पिलू यांच्यामध्ये बोट कधीही घालू नका, दुसरी एखादी बोट आधीच तिथे असेल तर आपली पाळी येईपर्यंत दूर थांबा आणि पंधरा-वीस मिनिटांत तिथून निघा. इंजिनाचा आवाज थांबला की ते अनेकदा निर्धास्तपणे वर येत राहतात आणि त्यांचा श्वास सोडल्याचा आवाज ऐकू येतो; तो ऐकलेला पर्यटक तक्रार करीत नाही.

खरे दुखणे ‘पैसे परत’ या हमीत आहे. ती हमीच पाठलागाला भाग पाडते. एकट्याने ती सोडली, तर तुमचे नुकसान होईल, हे मला मान्य आहे. म्हणून सिकेरी, नेरूल आणि कळंगुटच्या बोटमालकांनी संघटनेत एकत्र बसून हंगामाच्या सुरुवातीलाच ती सर्वांनी मिळून सोडली पाहिजे. तिकीट समुद्रसफरीचे असावे, त्यात आग्वादचा किल्ला, दीपगृह आणि मांडवीचे मुख यांची माहिती तुमच्याच तोंडून मिळावी, आणि डॉल्फिन दिसला तर तो त्या सफरीचा भाग व्हावा. पर्यटन खात्याने आणि वन खात्याने धक्क्यांवर नियमांचे मोठे फलक मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावले, तर ‘जवळ न्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी वाद घालण्याचे काम एकट्या बोटवाल्यावर पडणार नाही. ही मागणी तुम्ही लेखी करा. आपल्या अंकातून आम्हीही ती करीत आहोत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुण्याहून गोव्याला येत आहोत. डॉल्फिन पाहण्यासाठी कोणती वेळ चांगली आणि बोट कशी निवडावी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : डिसेंबर उत्तम. ऑक्टोबर ते मे हा काळ बोटींसाठी योग्य असतो आणि सकाळी वारा पडलेला असताना सपाट पाण्यावर पाठीचा उंचवटा लांबूनही दिसतो. सिकेरी, नेरूल किंवा दक्षिणेत पाळोळे येथून बोटी मिळतात. बोटीत बसण्यापूर्वी चालकाला विचारा की डॉल्फिन दिसल्यावर तुम्ही इंजिनाचे काय करता. ‘थांबवतो’ असे उत्तर देणाऱ्याची बोट घ्या, मग तो पन्नास-शंभर रुपये जास्त का मागेना. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला मिळाल्याशिवाय बोट हलू देऊ नका, दुर्बीण असल्यास बरोबर आणा आणि खाद्यपदार्थ पाण्यात टाकू नका. येताना कोकणमार्गे येत असाल, तर निवती आणि तारकर्लीच्या समुद्रातही डॉल्फिन दिसतात. तिथल्या बोटवाल्यांनाही हाच प्रश्न विचारा.